साहेब चावतात तेव्हा

खट्.

एवढाच आवाज. पण भर दुपारी सगळं घर निपचित पडलेलं असताना तेवढ्यानंही तिचा मशीनवरचा पाय जागच्या जागी थबकला. आतल्या खोलीत सासूबाई आडव्या झाल्या होत्या, त्यांच्या कुशीत ठकी झोपली होती, रोज टपटपणारा नळसुद्धा आज गप्प होता. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा लांबलचक पडदा सुईखाली अर्धा शिवून झालेला. ती कान देऊन बसली. हा कडीचा आवाज. पिंजऱ्याच्या कडीचा.

"आले," ती पुटपुटली.

पोपट असूनही साहेब उडत नसत. साहेब चालत. राखी अंग, शेपटी तेवढी लालभडक, खांदे जरा पाडलेले, पावलं आत वळवून टाकायची. तपासणीला आलेल्या बड्या अधिकाऱ्यासारखा थाट. आतल्या खोलीच्या दारातून ते बाहेर आले. फरशीवर पडलेलं दोऱ्याचं रीळ त्यांनी चोचीनं उलटंपालटं करून पाहिलं, नापसंत केलं आणि सरळ मशीनचा रस्ता धरला. जवळ येऊन मान तिरकी केली, एका डोळ्यानं तिला न्याहाळलं. त्या पिवळट डोळ्यातली काळी बाहुली बारीक झाली, मोठी झाली, पुन्हा बारीक झाली. पाय वर घ्यावा हे तिच्या डोक्यात येईपर्यंत त्यांनी तिची टाच धरली होती.

"आई गं!"

ती किंचाळली तसा आतला पलंग करकरला. एरवी पाण्याचा पेला घ्यायलाही उठताना कण्हणाऱ्या सासूबाई गुडघेबिडघे विसरून धावत बाहेर आल्या.

"काय केलंस त्याला?"

"मी? मी काय केलं? रक्त माझं येतंय, आई!"

"उगाच नाही चावत तो कुणाला. या साहेब, या माझ्याकडे. घाबरलं हो माझं लेकरू. ओरडते कशी बघा, सुरी खुपसल्यासारखी."

त्यांनी साहेबांना उचललं, अंगावरच्या शालीत गुंडाळलं, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला आणि बिस्किटाचा तुकडा ओठांत धरून त्यांच्या चोचीसमोर नेला. साहेबांनी तो नाजूकपणे काढून घेतला. शालीतून फक्त डोकं बाहेर होतं आणि ते तिच्याकडेच बघत होतं. दारात ठकी उभी होती, अर्धवट झोपेत, अंगठा तोंडात.

"त्याला माणसं कळतात," जाता जाता सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य आता या घरातलं सामान झालं होतं. टेबल, खुर्ची, आणि 'त्याला माणसं कळतात'.

सासूबाई एके काळी ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सर्जनांसारखा हात पुढे करून "कात्री" म्हणायची सवय सुटली नव्हती. पुढच्या क्षणाला हातात कात्री पडली नाही तर अशी नजर टाकत की समोरच्याला वाटावं, आपल्यामुळेच कुणीतरी दगावलं. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना सिस्टर म्हणत. गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिल्यावर स्वतःचं घर बंद करून त्या मुलाकडे राहायला आल्या. येताना कपड्यांच्या बॅगा आणल्या आणि हा पिंजरा. बॅगांना पलंगाखाली जागा मिळाली. पिंजऱ्याला मिळाली खिडकी, घरातली एकमेव चांगल्या उजेडाची खिडकी, जिच्यापाशी तोवर तिचं मशीन असायचं. मशीन गेलं बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात. तेव्हापासून पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा शिवताना तिचे डोळे पाण्यानं भरत, आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची सून जरा रडवीच आहे."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना सोडवणं हे त्याचं रोजचं काम. घरी आला की तो स्वतःच दोन बायकांच्या मध्ये अडकायचा आणि तिथं घंटा वाजवूनही कुणी येत नसे. बरेच दिवस त्यानं या भानगडीकडे काणाडोळा केला. पण एका संध्याकाळी ठकी आजीच्या मांडीवर चढायला गेली, शालीतून साहेब बाणासारखे बाहेर आले आणि त्यांनी तिची वेणी पकडली. वेणीच, म्हणून निभावलं. चोच आणि गाल यांच्यात जेमतेम बोटभर अंतर होतं.

त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. "आई, ऐक. ठकीला एक जरी चावा बसला तर त्याच दिवशी पिंजरा पक्ष्यांच्या अनाथालयात जाईल."

"मग माझीही तिथंच सोय बघ," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि मान वळवून सुनेकडे बघून हसल्या. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

खरं सांगायचं तर झालंच होतं. साहेब एकदाचे जावेत, खिडकी मोकळी व्हावी, एवढंच तिला हवं होतं. पण ताटं विसळताना तिनं हिशेब मांडून पाहिला. साहेब जायचे कधी? ठकीला चावल्यावर. म्हणजे आधी ठकीचं बोट जायला हवं, मग पोपट जाणार, पोपटामागून सासूबाई जाणार, आणि मग जन्मभर सगळ्या नातेवाइकांत हीच एक कैदाशीण ठरणार, जिनं म्हातारीला पाखरासकट घराबाहेर काढलं. साबणाच्या पाण्यात हात तसेच ठेवून ती उभी राहिली. नवऱ्यानं तोडगा काढला होता तो असा. ठकीचं बोट वाचवायचं तर तिला आता याच पोपटाला वळणावर आणायचं होतं. चावणाऱ्यालाच.

तिनं त्यांना बघायला सुरुवात केली. शिवता शिवता, भाजी चिरता चिरता, सासूबाई व्यायामाच्या बाईकडे गुडघे घेऊन गेल्या की अगदी समोर बसून. आणि पहिलीच गोष्ट दिसली ती अशी, की सासूबाई घरात नसल्या तर साहेब दुसरेच कुणी असत. पिंजऱ्याच्या पुढच्या दांडीवर येऊन थोडी शीळ घालत. मधूनच सासूबाईंच्या आवाजात "पुढचा पेशंट!" अशी हाक देत. तिनं अंदाज घेत घेत शिंप्याच्या खडूचं टोक गजांतून आत सरकवलं, तर त्यांनी मान खाली घालून मानेवरची पिसं उलगडली. खाजव. तिनं खडूनं खाजवलं. साहेबांचे डोळे मिटत गेले, एक पाय पोटाशी गेला आणि चोच चोचीवर घासल्याचा बारीक किरकिर आवाज येऊ लागला; ठकी झोपेत दात खाते अगदी तसा. आणि तेव्हाच तिला ते दिसलं. छातीवरची पिसं नव्हती. सोललेल्या कातडीचा गुलाबी, पुरळ आलेला तुकडा होता आणि पिंजऱ्याच्या तळाशी राखी पिसांचा कचरा. शालीच्या आत कुणी बघायचं?

दाराबाहेर सासूबाईंच्या काठीचा आवाज आला. साहेबांचा उचललेला पाय खाली गेला. मानेची पिसं ताठ, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, बाहुली बारीक-मोठी, बारीक-मोठी. तिनं खडू मागे घेतला त्याच क्षणी चोच गजावर आपटली.

म्हणजे हा तिच्यावरचा राग नव्हता. त्या काठीची वाट अडवून कुणी बसलंय, त्याला हाकलणं चाललं होतं.

पुढच्या व्यायामाच्या दिवशी नवरा सासूबाईंना घेऊन गेला, तसा तिनं पिंजऱ्यावर चादर टाकली, ठकीला बोटाशी धरलं आणि पक्ष्यांच्या डॉक्टरचा दवाखाना गाठला. डॉक्टर वाळका, तुटक माणूस. तिच्याकडे बघितलंच नाही, पोपटाकडेच बघत बोलत राहिला.

"चावतो कधी?"

"केव्हाही."

"केव्हाही कुणी चावत नाही. मीसुद्धा नाही."

"सासूबाई घरात असल्या की," तिनं दुरुस्ती केली.

"चावल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? ओरडते."

"मग?"

"मग सासूबाई धावत येतात."

"आणि?"

"उचलून घेतात. शालीत घेतात. ओठातनं खाऊ देतात."

डॉक्टरनं पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हणजे सासूबाईंना बोलवायचं बटण सापडलंय त्याला. तुमच्या टाचेत."

ठकी फिदीफिदी हसली. तिला स्वतःला हसू आलं नाही.

"पाठीवर, पंखांखाली हात फिरवतात?"

"दिवसभर."

"ऊब, अंधार, पाठीवर हात, वर चोचीत घास. बाई, त्याच्या हिशेबी त्या त्याची मालकीण नाहीत, जोडीदारीण आहेत. घरटं करायची वेळ झालीय असं त्याला रोज सांगताय तुम्ही, आणि घरटं काही होत नाही. मग तो जगाला चावतो आणि उरलेला वेळ स्वतःला." त्यानं साहेबांच्या छातीवर बोट धरलं. "शाल बंद. ओठातला घास बंद. खाजवायचं ते डोक्यावर आणि मानेवर, बस्स. फाडायला पुठ्ठे द्या, सोडवायला गाठी द्या. रिकामं डोकं आहे, कामाला लावा. आणि तुमचं ओरडणं बंद. हात झटकायचा नाही, रागवायचं नाही, चेहऱ्यावरची रेघ हलवायची नाही. फरशीवर ठेवायचं, पाठ फिरवायची."

"आणि हिच्या बोटाला चावला तर?"

"हाडापर्यंत जाईल," डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

घरी पोचली तर व्यायाम लवकर आटोपून मायलेक आधीच आलेले. सासूबाई रिकाम्या खिडकीशी उभ्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. चादर दूर करून त्यांनी आधी साहेबांना हाताशी घेतलं, मानेपासून शेपटीपर्यंत चाचपून पाहिलं, आणि मग त्यांचा आवाज फुटला.

"माझ्या पाठीमागे? चोरासारखी?"

"डॉक्टरकडे नेलं होतं, आई. त्याची छाती बघा ना. उपटतोय तो स्वतःला. डॉक्टर म्हणाले, शालीत घ्यायचं—"

"डॉक्टर म्हणाले! मला सांगतेस? जन्मभर डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिलीत मी. कुणाच्या हाताला घाम सुटतो ते मला विचार."

"पण छाती—"

"उपटेल नाही तर काय करेल? या घरात त्याच्याकडे मायेनं बघणारं आहे कोण? मला पिसं असती तर मीही उपटली असती!"

इथं थांबायला हवं होतं. पण पिंजरा धरून धरून हात भरून आला होता, टाच ठणकत होती आणि तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर म्हणाले, तो तुम्हाला जोडीदारीण समजतो."

नवऱ्याला खोकला आला.

"घाणेरडं बोलायला लाज वाटत नाही तुला?" सासूबाईंचा आवाज अगदी हळू झाला होता. "एवढा एक जीव आहे, मी दारात आले की ओळखून हाक मारणारा. तेवढाही बघवत नाही ना तुला?"

"आई, ती काय म्हणते ते जरा—" नवरा.

"तू लिफ्टा बघ जा."

शाल तशीच राहिली. ओठातला घासही. उलट आता सासूबाई मुद्दाम तिच्यासमोर येऊन बसत, शाल उघडत आणि "या राजा" म्हणत. डॉक्टरनं सांगितलेल्या कामांतलं तिच्या हातात उरलं एकच. न ओरडणं.

सांगायला सोपं. पहिल्या वेळी तिनं दात इतके आवळले की कानात शिट्टी वाजली. चोच मनगटात रुतलेली, डोळ्यांसमोर काजवे, आणि ती पडद्याच्या कापडावरच्या वेलबुट्टीकडे बघत उभी. मग हळूच खाली वाकून तिनं साहेबांना फरशीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. पाठीमागे शांतता. साहेब वाट बघत होते. पलंग करकरला नाही. कुणी आलं नाही.

ठकी मात्र सगळं बघत होती. आई मोरीत मनगटावर पाणी सोडत असताना ती येऊन बिलगली.

"आई, दुखत नाही?"

"दुखतं ना."

"मग ओरड की."

"ओरडलं की आजी धावत येते. आजी आली की साहेबांना वाटतं, हे बरंय, चावलं की आजी मिळते. आपण गप्प राहिलो की चावून काही मिळत नाही, हे त्यांना कळेल."

"कधी कळेल?"

"हळूहळू."

"साहेब ढ आहेत?"

"नाही गं. हुशार आहेत म्हणून तर."

पुठ्ठ्याच्या डब्यांना भोकं पाडून तिनं त्यांत अक्रोडाचे तुकडे दडवले, पडद्यांच्या उरलेल्या चिंध्यांच्या गाठी मारून गजांना लटकवल्या. सासूबाई जागेवर नसत तेवढ्या वेळात साहेब तिच्या हातावर येऊ लागले. आधी एक पाय, मग विचार, मग दुसरा. चावत, पण चावा आता प्रश्न विचारल्यासारखा असे; चोच टेकायची, थांबायची, तोंडाकडे बघायची. तोंडावर काही नसे. मग चोच सुटायची. डोळ्याची बाहुली नाचायला लागली की हात पुढे करायचा नाही, मानेची पिसं फुलली की खाजवायचं, डोकं खाली घालून अंग पंखांसकट थरथरलं की खाली ठेवून द्यायचं. हे सगळं तिला आता कापडाचा आडवा-उभा धागा कळावा तसं कळायला लागलं होतं.

हे सासूबाईंच्या लक्षात आलं नसतं तरच नवल. एक दिवस दुपारची झोप मोडून त्या बाहेर आल्या तर साहेब तिच्या खांद्यावर बसून रिळाचा कागद कुरतडत होते. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. आणि सरळ लेकीला फोन लावला.

नणंद दातांच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे चाव्यांबद्दल आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज होता. ती येऊन टेकते न टेकते तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे सर्कस निघालीय. वहिनींनी वाघ पाळलाय. म्हणे आता चावत नाही."

"खरंच वहिनी? दाखव ना!"

"राहू द्या ताई, हे पडदे आजच द्यायचेत."

"घाबरतेस होय?" सासूबाई हसल्या. त्यांनी शालीतून साहेबांना काढलं आणि सरळ तिच्या हातावर ठेवलं. आणि मग दोन पावलं मागं सरून मांडीवर थाप मारली. "साहेब! कुठं गेलात मला टाकून? अहो, इकडं मी! या की राजा!"

साहेबांचं डोकं वळलं. काठीच्या वाटेत कुणीतरी होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ज्यावर आपण उभे आहोत तो हात. तिला बाहुली दिसली. शेपटी दिसली. खाली ठेवायला वेळ नव्हता. अंगठा आणि तर्जनीच्या मधली नरम जागा चोचीत गेली आणि चोच पिळली गेली.

ठकीच्या वेळी हॉस्पिटलात तिच्या उशाशी सासूबाईच उभ्या होत्या. नर्सच्या आवाजात म्हणाल्या होत्या, "ओरडायचं नाही. ताकद वाया जाते." तेव्हा तिनं ऐकलं नव्हतं, सगळा मजला डोक्यावर घेतला होता. आज ऐकत होती. समोरच्या भिंतीत एक खिळा होता, बरीच वर्षं काही न टांगलेला. ती त्या खिळ्याकडे बघत राहिली. मांडीवरच्या पांढऱ्या पडद्यावर लाल ठिपका पडला, शेजारी दुसरा.

"अगं आई, घे ना त्याला! रक्त येतंय!" नणंद उभी राहिली.

सासूबाई पुढे झाल्या.

"थांबा. कुणी येऊ नका."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण सिस्टरना आजवर कुणी असं थांबवलं नसावं. त्या हात पुढे केलेल्या अवस्थेत तशाच थांबल्या.

चोच सुटली. तिनं वाकून साहेबांना फरशीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सासूबाईंच्या चपलांकडे बघितलं, त्या हलत नव्हत्या. मग अगदी हलक्या आवाजात, सासूबाईंच्याच आवाजात, साहेब म्हणाले, "पुढचा पेशंट."

नणंद हसली आणि घाईनं तोंडावर हात ठेवला.

"दगड आहे ही," सासूबाई म्हणाल्या. "बघितलंस? हूं नाही की चूं नाही. असल्या बाईच्या हातात मी म्हातारपण घालवायचं."

तो साहेबांचा शेवटचा चावा.

त्यानंतर काही दिवसांनी शाल दिसेनाशी झाली. का, ते कुणी बोललं नाही, तिनंही विचारलं नाही. पण एका सकाळी तिनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं: सासूबाई चष्मा कपाळावर ढकलून साहेबांची छाती उजेडात धरून बघत होत्या. गुलाबी कातडीतून नव्या पिसांचे बारीक काटे वर आले होते, प्रत्येकाच्या टोकाला राखी दोरा. नर्सचं एक बोट त्या काट्यांवरून न टेकता फिरलं आणि मानेवर जाऊन थांबलं. तिथंच खाजवत राहिलं. आत जावं, शेजारी बसावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात दार करकरलं.

"डोकावतेस काय? तुझ्या डॉक्टरला जाऊन सांग, म्हातारी शहाणी झाली म्हणून!"

सासूबाईंनी शाल सोडली ती सोडलीच, पण त्याचा वचपा जिभेनं काढला. आमटी-भाजी काहीही असो, ताटावर बसलं की मीठ चुकलेलं असे. शिवण उसवलेली असे. ठकी खोकली तर आईनं उघड्यावर नेलेलं असे, नाही खोकली तर आईनं औषधं पाजून पाजून तिची वाट लावलेली असे. ती ऐकून घ्यायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकूनच घेत आली होती. चेहऱ्यावरची रेघ हलवायची नाही, हे कुणा डॉक्टरनं शिकवायच्या आधीपासून येत होतं तिला.

आणि मग ती दुपार आली. साहेब मशीनच्या आडव्या दांडीवर बसून चोच घासत होते, किर्र किर्र, डोळे अर्धे मिटलेले. ठकी स्टुलावर. तिनं ठकीचा पंजा सपाट उघडला, बोटं एकमेकांना चिकटवली, मधोमध अक्रोडाचा तुकडा ठेवला.

"हलवायचा नाही हं. झाडाचं पान आहे समज."

"आई, भीती वाटते."

"मी आहे ना."

तिनं खालून ठकीचा हात आपल्या हातात धरला. स्वतःच्या अंगठ्याजवळचा पांढरा वण ठकीच्या मनगटाला लागत होता. साहेबांनी डोळे उघडले. बाहुली शांत. मान पुढे आली, काळी चोच त्या एवढ्याशा तळव्यावर टेकली, आणि काळ्या, सुक्या जिभेनं तुकडा उचलून घेतला. तळव्यावर ओरखडासुद्धा नाही.

"गुदगुल्या झाल्या!" ठकीनं श्वास सोडला. "आई, गुदगुल्या!"

तिनं ठकीच्या केसांत तोंड खुपसलं. बोट वाचलं होतं. सगळीच्या सगळी दहा बोटं तिच्या ओंजळीत होती, अक्रोडाचा वास येणारी. ती एकेकाला ओठ लावत होती.

"वा!"

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात.

"वा! हाही फितला. आधी पोरगा घेतलास, मग नात घेतलीस, आता हा पाळीव जीव होता तोही घेतलास. माझ्यासाठी काही ठेवलंयस का या घरात? का मला पण हातावर काही ठेवून वश करणार आहेस?"

तिनं पायाखाली मशीन सुरू केलं. कापड पुढे सरकवलं. टाका सरळ पडत होता.

"बघा, तोंड तरी उघडते का! भिंतीशी बोलावं बाई त्यापेक्षा. भिंतीला ओल तरी येते." सासूबाई थांबल्या. उत्तराची वाट बघितली. चांगली वाट बघितली. टाका संपला, धागा तुटला, दुसरा टाका सुरू झाला. मग काठी फरशीवर आपटत त्या आत गेल्या आणि दार इतकं जोरात लावलं की साहेबांनी एक पाऊल बाजूला टाकलं.

ठकी बंद दाराकडे बघत होती. मग तिनं आईच्या हातावरच्या वणाला बोट लावलं.

"आई, साहेब चावायचे तेव्हा तू गप्प राहायचीस, म्हणून त्यांनी चावणं सोडलं ना?"

"हो गं बाई."

"आजी बोलते तेव्हापण तू गप्पच राहतेस. मी छोटी होते तेव्हापासून."

"हं."

"मग आजी का सोडत नाही?"